समोरून बघायचंय

हनीफ आमच्याकडे कधी पुढच्या जिन्याने आला नाही. मस्कतला वादी कबीरमध्ये आमच्या बिल्डिंगच्या मागे गॅरेजांची रांग आहे, तिथून एक लोखंडी जिना वर येतो. आग लागली तर पळायला ठेवलेला. त्या जिन्याने तो यायचा, स्वयंपाकघराच्या दारावर नखाने टकटक करायचा आणि मी दार उघडेपर्यंत भिंतीला पाठ चिकटवून उभा राहायचा. दिसायला काही चांगला नव्हता. अंगाने काटकुळा, पुढचे दोन दात पडलेले, दाढी अर्धी पांढरी, अर्धी मेंदीने लाल. हात कायम ग्रीसचे.

तो इथे होता आणि नव्हताही. इथे अशांना खल्लीवल्ली म्हणतात, म्हणजे सोडून दिलेला. ज्या माणसाने त्याला इलेक्ट्रिशियन म्हणून इथे आणला, त्याने दुकान बंद केलं, हनीफचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवला आणि वर तक्रार दिली की माझा माणूस पळून गेला. पळाला मालक आणि फरारी ठरला हनीफ. तेव्हापासून त्याच्याजवळ इथे राहायचं कार्ड नाही, व्हिसा नाही, काही नाही. मागच्या एका गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा आणि तिथेच सामानाच्या खोलीत झोपायचा. गॅरेजचा म्हातारा ओमानी मालक, त्याला सगळे अर्बाब म्हणत, हनीफला ठेवून होता. अर्बाबला मी एकदा विचारलं, याचं पुढे काय होणार? तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "हनीफ अच्छा. कागज अच्छा नहीं." आणि चहा प्यायला लागला.

मी चौथी शिकलेली. गुहागरहून नवऱ्याच्या मागून मस्कतला आले. नवरा गेला, आता मुलाच्या, सुनीलच्या, व्हिसावर राहते आणि चार-पाच एकट्या पुरुषांचे डबे करते. एकदा आमचा एसी जळला आणि सुनील ऑफिसच्या कामाला सलालाला गेलेला. कुणीतरी हनीफला पाठवला. त्याने काम केलं, पैसे घेतले नाहीत. स्वयंपाकघरात नाक वर करून म्हणाला, "मावशी, सुकट भाजलीस काय?"

"भाजली. तुला काय त्याचं?"

"मी दाभोळच्या खाडीवरचा. भातावर घाल थोडी. खलास, हिशोब मिटला."

भात त्याने उभ्यानेच खाल्ला, दाराकडे बघत. पुढे रोज डबा नेऊ लागला, पण आमच्या घरात तो कधी बसून जेवला नाही. बस म्हटलं की म्हणायचा, "बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो."

आवाज बारीक ठेवायचा. रस्त्याने जायचा तो गॅरेजांच्या मागून, तेल सांडलेल्या बोळातून. हमरियाच्या बाजारात जायचं असेल तर शुक्रवारी दुपारी, सगळे नमाजाला असतात तेव्हा. मी विचारलं, "तू नाही जात नमाजाला?" तर म्हणाला, "अल्लाला ठाऊक आहे माझं कार्ड नाही."

आणि चहात साखर चार चमचे. त्याला डायबिटीस होता, हे त्यालाही माहीत होतं. मी चमचा धरून ठेवला तर हसायचा. "मावशी, कागदावर मी या देशात नाहीच. जो नाहीच त्याला डायबिटीस कसा होईल?"

"पाय सडेल तेव्हा कागद बघत बस, गाढवा."

मी उगाच बोलले नव्हते. माझ्या सासऱ्याचा पाय असाच गेला होता.

हनीफचा एक नाद होता. तोंडाने गिटार वाजवायचा. वायरी सोलताना, डबा धुताना, जिना चढताना, ट्यांव ट्यांव चालूच. मला वाटायचं दात पडल्यामुळे हवा जाते. मग कळलं की ते एका गाण्यातलं आहे. तरुणपणी तो मुंबईला होता, माझगावला चुलत्याकडे, आणि एका डेकोरेटरकडे वायरमन होता. कॉलेजांच्या कार्यक्रमांना मांडव, लाईट, माईक यांचं काम. तिथे एक रॉक गाणारा यायचा. नाव लिहीत नाही, माणूस अजून आहे. इंग्रजी गाणी, खांद्याखाली केस, गळ्यात गिटार. हनीफने मोबाईलवर त्याचा जुना फोटो दाखवला. मी म्हटलं, "हा झिपऱ्या?" तर माझ्यावर रागावला. त्याला रागावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या गाण्यातलं एक अक्षर हनीफला कळत नव्हतं. मी म्हटलं, मग ऐकतोस काय? तो म्हणाला, "तू भांडी घासताना रेडिओवर अरबी ऐकतेस ते काय कळतं तुला?" हे खरं होतं.

एका कार्यक्रमात काय झालं, ते तो पुन्हा पुन्हा सांगायचा. स्टेजच्या मागे बोर्डात एक पिन सैल होती. गाणं सुरू झालं आणि ती बाहेर यायला लागली. ती निघाली असती तर सगळं बंद. हनीफने ती तळहाताने बोर्डात दाबून धरली आणि गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. पिन तापली, हात भाजला, पण सोडला नाही. त्या जागी कातडी कायमची गुळगुळीत झाली होती. गाणं संपल्यावर तो गायक मागे पाणी प्यायला आला आणि त्याच्याजवळून निघून गेला.

"काही बोलला तुला?"

"कशाला बोलेल? त्याला काय माहीत? पण मावशी, मी त्याचे किती कार्यक्रम केले, सगळे पाठीमागून. पाठ, केस आणि ढुंगण. गाताना त्याचं तोंड कधी बघितलं नाही. लोक पुढे वेडे व्हायचे, मी मागे पडद्यात. एकदा समोरून बघायचंय."

"मोबाईलवर बघ की. सगळी दुनिया बघते."

"ते बघणं नव्हे."

मी म्हटलं, तुझ्या डोक्यात भुसा आहे.

पाय सडला तो एका हिवाळ्यात. गॅरेजात तापलेल्या सायलेन्सरला पाऊल लागलं आणि त्याला कळलंच नाही. पायातली संवेदनाच गेली होती. मला कळलं ते वासाने. डबा घ्यायला आला, दारात उभा होता, आणि मी सुकटीचा डबा उघडून बघितला की सुकट खराब झाली का. सुकट चांगली होती. मी म्हटलं, "बूट काढ." तो नको म्हणाला. मी खाली बसून काढला. मोजा कातडीला चिकटला होता. करंगळी काळी झालेली.

हमरियात एक केरळी डॉक्टर आहे. त्याने कार्ड न मागता पट्टी केली, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "अम्मा, ही पट्टीची गोष्ट नाही. ऑपरेशन लागेल. मोठ्या हॉस्पिटलात कार्डाशिवाय हा गेला तर आधी पोलीस येतील. याला घरी पाठवा. लवकर पाठवा. उशीर झाला तर आधी बोटं जातील, मग पाय."

आणि नशीब बघा, त्याच महिन्यात माफी निघाली. कधीतरी इथलं सरकार अशी माफी काढतं. ज्याच्याजवळ कागद नाहीत त्याने ठरलेल्या तारखेच्या आत नाव द्यावं, दंड नाही, तुरुंग नाही, गुपचूप आपल्या देशात जावं. तारीख गेली की माफी संपली. सुनीलने धावपळ केली. वकिलातीतून हनीफला पासपोर्टऐवजी जायचा कागद मिळाला. अर्बाबने तिकीट काढलं. चिपळूणला त्याच्या बहिणीचा नवरा होता, त्याने तिथल्या हॉस्पिटलात बोलून ठेवलं. मी त्याला वाटेत खायला भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी करून दिली. सुनीलला मी म्हटलं, बरं झालं, एक ओझं उतरलं. तसंच म्हटलं होतं.

ज्या दिवशी त्याचं विमान होतं, त्या दिवशी दुपारी दारावर नखाने टकटक झाली.

मी दार उघडलं. हनीफ उभा होता, भिंतीला पाठ लावून, एक पाय अधांतरी.

"तू इथे काय करतोस? विमान गेलं की तुझं!"

"गेलं."

"आणि तू?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. हमरियातल्या एका दुकानाच्या काचेवर लावलेलं पोस्टर होतं, काचेवरून सोलून आणलेलं. टक्कल पडलेला एक माणूस, हातात गिटार. खालचं वाचायला मला वेळ लागला. अझैबाच्या बाजूला मैदानात कार्यक्रम, येत्या आठवड्यात. माफीची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

"हा तो?"

"तोच."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. सुनील संध्याकाळी आला, तोही बोलला. "हनीफभाई, लोकांनी तुमच्यासाठी हात जोडले. उद्यापर्यंत अजून वेळ आहे, मी दुसरं तिकीट काढतो. तुमचा पाय जाईल, कळतंय का?"

हनीफ म्हणाला, "कळतंय रे. डॉक्टर मला पण बोलला. पण मी तिकडे गेलो, ऑपरेशन झालं, मग पडून राहणार. बहिणीच्या पडवीत. तिथे कोण येणार आहे गायला? हा आता म्हातारा झालाय, मी म्हातारा झालोय. आठवडा तर आहे. आठवडा पाय थांबेल."

"आणि माफी? ती थांबेल?"

"ती नाही थांबणार," तो म्हणाला. "म्हणून विचार करायला दोन दिवस लागले."

सुनील रागाने उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी मुदत संपली. हनीफने तिकीट काढू दिलं नाही.

मग तो माझ्याकडे मागायला आला ते वेगळंच. इथे एकट्या पुरुषाला सगळे हटकतात. बागेत, बाजारात, समुद्रावर. बरोबर बाईमाणूस असलं की फॅमिली, मग कुणी बघत नाही. कार्यक्रमाला दारावर पोलीस असणार. एकटा गेला तर कार्ड मागतील.

"तू माझी आई म्हणून चल."

"माझं लुगडं बघ आणि तुझी दाढी बघ. पोलिसाने विचारलं तर?"

"सांगायचं, बापावर गेलाय."

"माझ्या नवऱ्याला मेल्यावर कशाला दाढी चिकटवतोस?"

तो हसला नाही. मी बघितलं, तो घामाने भिजला होता आणि बाहेर तर हवा थंड होती. त्याला ताप होता. मी म्हटलं, येते. नाहीतरी तो गेलाच असता, आणि दारातच धरला असता. मग पायही गेला आणि गाणाऱ्याचं तोंडही नाही.

सुनीलने आम्हाला मैदानाशी सोडलं आणि गाडीतून उतरला नाही. संध्याकाळची, मगरीबची बांग होऊन गेली होती. मैदानात गर्दी होती, बहुतेक आपलेच लोक. गोव्याचे, मुंबईचे, केरळचे. पोट सुटलेले बापे काळे शर्ट घालून आलेले, त्यांच्या बायका कंटाळलेल्या, पोरं मोबाईलवर. हनीफने अर्बाबकडून मागून पांढरा सदरा घातला होता, पायावर जाड पट्टी आणि वर सुनीलचा मोठा बूट. माझा दंड धरून चालत होता. बघणाऱ्याला वाटावं तो मला धरतोय. खरं तर त्याचं सगळं वजन माझ्यावर होतं.

दारावर एक तरुण पोलीस होता. मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याने हनीफकडे बघितलं आणि हात पुढे केला. कार्डासाठीच केला असणार. मग त्याने मला बघितलं. मी वाकले होते, धापा टाकत होते. तो हिंदीत म्हणाला, "माजी, आप कैसे चलेगा? रुको, रुको." आणि कुणाला तरी हाक मारून चाकाची खुर्ची मागवली.

मला काही झालेलं नव्हतं. मी रोज बाजाराची पिशवी घेऊन तीन मजले चढते. पण मी बसले. हनीफने मागची मूठ धरली. पोलीस म्हणाला, "यल्ला, आगे, आगे," आणि आम्हाला सगळी गर्दी ओलांडून अगदी स्टेजखाली, अपंगांसाठी दोरी बांधली होती तिथे नेऊन उभं केलं. धडधाकट मी खुर्चीत, आणि ज्याचा पाय सडला तो मागे उभा, खुर्ची ढकलत. मला हसू आलं होतं. त्याला नाही आलं.

कार्यक्रम सुरू झाला. आवाज इतका की माझं काळीज थडथडत होतं. तो गायक आला, उंच स्टुलावर बसला. झिपऱ्याच्या डोक्यावर एक झिपरी नव्हती. पोट मांडीवर आलेलं. समोर जमिनीवर एक टीव्ही ठेवला होता, त्यात बघून शब्द म्हणत होता. मध्येच आवाज फाटायचा, तेव्हा तो माईक लोकांकडे धरायचा आणि लोक ओरडायचे. मला तो वाईट माणूस नाही वाटला. थकलेला वाटला.

हनीफ माझ्या मागे होता, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. खुर्ची मात्र कापत होती. एकदा मी मान वळवून बघितलं. तो रडत नव्हता, हसत नव्हता. फ्यूजचा डबा उघडून आत बघतात तसा बघत होता. तोंड उघडं, घाम दाढीतून खाली.

एका गाण्याला त्याने माझ्या कानाशी वाकून सांगितलं, "हे. हेच ते, पिनवालं." आणि तोंडाने ट्यांव ट्यांव सुरू केलं. समोर खरी गिटार चालू होती तरी याचं चालूच.

गाणं संपल्यावर तो गायक स्टेजवरून खाली उतरला. पुढच्या लोकांशी हात मिळवत मिळवत आमच्याकडे आला. हनीफच्या समोर, हातभर अंतरावर. आणि गुडघा टेकून खाली बसला, माझ्यासमोर. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "हॅलो आंटी! थँक यू फॉर कमिंग!" लोक टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांचे मोबाईल आमच्यावर.

मी हात ओढला. म्हटलं, "मला काय बघतोस? मी ओळखत नाही तुला. हा मागे उभा आहे, त्याला बघ. तुझ्यासाठी मरायला आलाय."

त्याला मराठी कळलं नाही की आवाजात ऐकू गेलं नाही, माहीत नाही. तो हसला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून पुढे गेला. हनीफकडे त्याने बघितलंही नाही. खुर्ची ढकलणाऱ्याकडे कोण बघतं?

मला राग आला. मी म्हटलं, "मेल्याने तुझ्याकडे ढुंकून नाही बघितलं."

हनीफ म्हणाला, "मला त्याला बघायचं होतं. त्याने मला बघावं असं मी कधी बोललो?" मग म्हणाला, "डोळे पिवळे आहेत त्याचे. लिव्हर गेलंय." आणि मग, "चल मावशी, उभं राहवत नाही."

कार्यक्रम अर्धाच झाला होता. आम्ही निघालो तेव्हा मी खाली बघितलं. तो उभा होता तिथली वाळू बुटातून झिरपून ओली झाली होती.

पुढचं सांगायला फार नाही. चार दिवसांनी गॅरेजात तो शुद्धीवर नव्हता. अर्बाबने स्वतःच्या गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेला, कार्ड वगैरे न बघता. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापला, जीव वाचवला. मग पोलीस आले, ते यायचेच होते. जखम भरेपर्यंत वॉर्डाच्या दाराशी एक पोलीस खुर्ची टाकून बसायचा. मी डबा न्यायचे, त्यातला थोडा पोलीसही खायचा. त्याला सुकट आवडली नाही.

जखम भरल्यावर त्याला आधी तुरुंगात आणि तिथून विमानात बसवणार होते. ज्या सकाळी नेणार, त्या सकाळी मी सुनीलबरोबर गेले. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला गाडी उभी होती. हनीफला कुबड्यांची सवय नव्हती, वेडावाकडा उभा होता. लेंग्याची रिकामी बाजू कुणीतरी गाठ मारून दिली होती. दाढीची मेंदी सगळी उतरली होती, पूर्ण पांढरी. मी डबा दिला. त्याने उघडून तिथेच दोन घास खाल्ले आणि परत दिला. म्हणाला, आत काही नेऊ देत नाहीत.

मला गोड बोलता येत नाही. मी विचारलं, "हनीफ, खरं सांग. पाय दिलास आणि त्याचं तोंड बघितलंस. बरोबर झालं का?"

त्याने विचार केला. सुनील मला हळूच म्हणाला, आई, काय विचारतेस. पण हनीफला राग आला नव्हता.

"नाही मावशी," तो म्हणाला. "पाय मोठा होता."

पोलीस म्हणाला, "यल्ला." दोघा पोलिसांनी त्याला काखेत धरून वर चढवला, कुबड्या त्याच्या मागून आत सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. गाडी लगेच निघाली नाही. पुढे एक पाण्याचा टँकर आडवा उभा होता, तो हलेपर्यंत ती तिथेच उन्हात घरघरत राहिली. मीही उभी राहिले. मग टँकर हलला.